लेथवर इवल्याशा लाकडी वस्तू आणि त्यासाठी घरी बनवलेली टूल्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोटाच्या पेरावर उभी राहील एवढी फुलदाणी दाखवली की लोक आधी ती उलटसुलट करून बघतात आणि मग जवळजवळ सगळे तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. लेथ म्हणजे लाकूड जोरात फिरवणारं यंत्र, त्या फिरत्या लाकडावर टूल टेकवून आकार कापायचा. जे लिहिलंय ते करून बघितलेलं आहे, आणि जिथे नुसतं माझं मत आहे तिथे तसं म्हटलंय.

मिनिएचर म्हणजे नेमकं किती लहान?

बाहुलीघरांसाठी सगळ्यात जास्त चालणारं स्केल १:१२, म्हणजे खऱ्या वस्तूचा एक फूट तिथे एक इंच. खरी फुलदाणी २४० मिमी उंच असेल तर आपली २० मिमी. त्याच्या निम्मं १:२४. पण एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या, उंची बाराने भागली की सगळंच बाराने भागायला हवं. खऱ्या भांड्याची कड ६ मिमी जाड असेल तर आपली अर्धा मिमी यायला पाहिजे आणि बहुतेक वस्तू इथेच फसतात, उंची बरोबर असते पण कड दीड मिमीची राहते आणि मग ते भांडं न वाटता भांड्याच्या आकाराचा मणी वाटतो. शेजारी काहीही न ठेवता फोटो काढून बघा, फोटोत ती खरीखुरी मोठी वस्तू वाटली तर जमलं.

बाजारात छोटी टूल्स मिळतात, मग घरी कशाला बनवायची?

कारण टूल लाकडाला नाही तर दोन आकारांमधल्या फटीला बसावं लागतं. दोन मण्यांच्या (लाकडावर कोरलेल्या गोल उठावांच्या) मधे दीड मिमीची खाच हवी असेल तर ३ मिमीचं विकतचं टूल कितीही चांगलं असलं तरी तिथे जाणारच नाही. आणि ती खाच प्रत्येक वस्तूत वेगळी असते. एखाद्या सुरईचा गळा आतून असा वळतो की त्यासाठी हूक (आतून कोरायचं वाकड्या टोकाचं टूल) बरोबर तेवढाच वाकलेला लागतो, तो तयार कुठून मिळणार?

दुसरं म्हणजे विकतच्या टूलला वेगळा आकार द्यायला हात धजत नाही. खिळ्यापासून बनवलेलं असेल तर आज गोल टोक, उद्या तिरकं, परवा चौकोनी, दहा मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे आता पन्नासेक टूल्स आहेत, त्यातली निम्मी एकाच वस्तूसाठी बनवलेली. मला हे या कामाचं अर्धं अंग वाटतं, आधी आकार मनात येतो, मग तो आकार कापणारं टूल, आणि लाकूड सगळ्यात शेवटी.

टूल्स कशापासून बनवायची?

घरात बघा, बरंच काही सापडतं.

काँक्रीटमध्ये ठोकायचे खिळे मुळातच कडक केलेले असतात. डोकं कापा, टोक घासा, मुठीत बसवा, टूल तयार. धार फार वेळ टिकत नाही पण दोन मिनिटांत परत लागते. सुरुवात याच्यापासूनच करा असं मी सगळ्यांना सांगते.

ॲलन की (षटकोनी खाचेचे स्क्रू पिळायची वाकडी किल्ली) हूकसाठी फार छान, कारण वाकलेला कोपरा आयताच मिळतो. दीड किंवा २ मिमीची घेऊन आखूड बाजू अजून आखूड करायची आणि टोकाला धार. घासताना मात्र तापू देऊ नका.

हॅकसॉचं (लोखंड कापायच्या करवतीचं) पातं साधारण ०.६५ मिमी जाड असतं, त्यामुळे पार्टिंग टूल (वस्तू कापून वेगळी करायचं टूल) म्हणून उत्तम, लाकूड वाया जात नाही. बाय-मेटल (दोन धातू जोडलेलं) पातं असेल तर फक्त दातांकडची पट्टीच कडक असते, पाठ मऊ. म्हणून दात हलकेच घासून काढा आणि ती कड वरच्या बाजूला ठेवून टूल बनवा, कारण कापणारं टोक वरच असतं. पातं लवचिक आहे म्हणून दोन लाकडी पट्ट्यांमध्ये चिकटवून फक्त १० ते १५ मिमी बाहेर ठेवायचं.

जुन्या छत्रीच्या पन्हळीसारख्या पोलादी काड्या टाकू नका. आडव्या कापून बाहेरून घासल्या की इवलीशी गोल पटाशी होते, मऊ लाकडाला पुरते.

मोडकी ड्रिल बिट्सही चालतात, पण दांड्याकडचा भाग मऊ असू शकतो, कानस फिरवून बघा, कानस धरली तर मऊ, घसरली तर कडक.

सगळ्यात मनासारखी टूल्स मात्र दोनच गोष्टींपासून होतात, एचएसएसच्या (हाय-स्पीड स्टीलच्या) चौकोनी किंवा गोल सळ्या (मेटल लेथवाले वापरतात त्या) आणि सिल्व्हर स्टील. सिल्व्हर स्टीलमध्ये चांदी नसते, ते एक टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असलेलं पोलाद आहे, मऊ अवस्थेत मिळतं, हवा तो आकार कानशीने देता येतो आणि मग पाणी द्यायचं, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक करायचं.

जुन्या बारीक कानशी वापरू का?

वापरा, पण तशाच नको. कानस काचेसारखी कडक आणि तेवढीच ठिसूळ असते. मी सुरुवातीला एका नीडल फाइलला नुसती धार लावून लेथवर धरली होती, लाकडातल्या गाठीत टोक अडकलं आणि टूल रेस्टच्या (टूल टेकवायच्या आधाराच्या) कडेवर कानस कट्‌कन तुटली, तुकडा थेट फेस शील्डवर आदळला. शील्ड नसतं तर तो डोळ्यातच गेला असता. तेव्हापासून नियम असा की कानशीचं टूल करायचं तर आधी ती ओव्हनमध्ये २२० अंशांच्या आसपास तासभर ठेवायची म्हणजे ठिसूळपणा उतरतो, आणि दात पूर्ण घासून टाकायचे कारण प्रत्येक दात म्हणजे तडा जायची तयार जागा. एवढं करायचं नसेल तर कानस लेथपासून लांबच ठेवा.

पोलादाला पाणी घरी देता येतं का? भीती वाटते.

येतं, आणि ३ मिमीच्या सळईला तर गॅसचा साधा टॉर्चसुद्धा पुरतो. भीती वाटावी असं त्यात एकच आहे, गरम तेल. म्हणून ते धातूच्या डब्यात, झाकण हाताशी ठेवून, आणि आजूबाजूला भुसा नसलेल्या जागी.

आधी सगळा आकार देऊन घ्या, पाणी दिल्यावर कानस चालणार नाही. खोलीत उजेड कमी करा म्हणजे रंग नीट दिसतो. टोकाचा १५ ते २० मिमी भाग तापवायचा, आधी गडद लाल, मग पिकलेल्या चेरीसारखा लाल. शेजारी दोरीला टांगलेलं लोहचुंबक ठेवा, ७७० अंशांच्या सुमारास पोलादाला चुंबक लागेनासं होतं, तिथून अजून किंचित तापवायचं आणि सरळ उभं तेलात बुडवायचं. आडवं टाकलं तर एक बाजू आधी थंड होते आणि सळई वाकते. साधं खायचं तेल चालतं. सिल्व्हर स्टीलला पाणीही चालतं म्हणतात पण इतक्या बारीक सळईला मी तेलच वापरते, पाण्यात तडकायची भीती जास्त.

बाहेर काढल्यावर कानस फिरवा. काचेवरून सरकावी तशी सरकली तर कडक झालं. पण आता ते ठिसूळ आहे, जमिनीवर पडलं तरी तुटेल. म्हणून पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा (चकचकीत नसेल तर पुढचे रंग दिसणार नाहीत) आणि टोकापासून लांब, मुठीकडच्या बाजूला हळूहळू ऊब द्या. रंग चालत येतात, अक्षरशः डोळ्यांसमोर सरकतात, आधी वाळक्या गवतासारखा फिकट पिवळा, मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. गडद पिवळा टोकाशी पोचला की लगेच पाण्यात. तो साधारण २३० अंशांचा रंग आहे. मागचा भाग निळा झाला तर उत्तमच, तिथे थोडा मऊपणा हवाच असतो. टोकच निळं झालं तर ते मऊ पडलं, पहिल्यापासून सुरुवात. हे रंग पळताना बघायला मला आजही आवडतं.

एचएसएसलाही असंच करायचं?

नाही. ते कडकच मिळतं आणि त्याला पाणी द्यायला १२०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, घरी शक्य नाही. त्याचा फायदा असा की ग्राइंडरवर निळं पडलं तरी काही बिघडत नाही. मात्र लाल तापलेलं एचएसएस पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. साधं कार्बन पोलाद असेल तर बरोबर उलट, दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवत राहायचं, निळं पडलं की गेलं.

सुरुवातीला कोणती टूल्स बनवू?

तीन पैलूंचं टोकदार टूल, तिरक्या धारेचं स्क्यू, गोल टोकाचं स्क्रेपर (खरवडून कापणारं), आणि पार्टिंग टूल. चार झाली. तीन पैलूंचं म्हणजे गोल सळईचं टोक तीन बाजूंनी सारखं घासून पिरॅमिड करायचा, हे एकच टूल खाचा, खांदे, छोटे मणी सगळं करतं आणि शिकायला सोपं आहे.

पाचवं मात्र असं आहे की ते बनवलं की कामच बदलतं, ते म्हणजे मणी काढायचं टूल. २ मिमी जाड सिल्व्हर स्टीलची पट्टी घ्या, मऊ असतानाच टोकाजवळ २ मिमीचं भोक पाडा. खालच्या बाजूने बारीक गोल कानशीने ते भोक किंचित पसरट करा म्हणजे वरची कडच कापेल आणि खालचा भाग लाकडाला घासणार नाही. आता पट्टीचं टोक घासत घासत भोकाच्या बरोबर मध्यापर्यंत आणा. राहतो तो अर्धा गोल आणि दोन बाजूंना दोन शिंगं. शिंगं बाहेरून तिरकी घासून अणकुचीदार करा, समोरच्या बाजूलाही खाली थोडा उतार द्या, मग पाणी द्या. वापरायचं टूल रेस्टवर सपाट धरून, हळूच दाबत आणि केसभर डावी-उजवीकडे हलवत. शिंगं दोन्हीकडे खाच पाडतात आणि मधे बरोबर २ मिमीचा, गोलगरगरीत मणी उरतो, शेजारी दुसरा काढला तर तोही तंतोतंत तसाच. मण्याचा माथा टूलला टेकला की थांबा, त्यापुढे दाबलं तर मणी चेपतो. धार नेहमी वरच्या सपाट बाजूलाच लावायची, आतल्या गोलाला हात लावायचा नाही. मी १.५, २ आणि ३ मिमीची ठेवते.

मूठ केवढी?

१०० ते १२० मिमी, जाडी अंगठ्याएवढी किंवा कमी. पेन्सिलीसारखं बोटांनी धरायचं असतं, काखेत दाबायचं नसतं. तांब्याच्या नळीचा तुकडा टोकाला बसवा, टूल इपॉक्सीने चिकटवा. एक बाजू थोडी सपाट ठेवा म्हणजे टेबलावरून घरंगळत नाही, कारण खाली पडलेल्या बारीक टूलचं टोक शंभर टक्के जातं.

माझा लेथ मोठा आहे, त्यावर होईल का? आणि ड्रिल मशीनवर?

मोठ्या लेथवर मस्त होतं, वजन जास्त म्हणून थरथर कमी. अडचण टूल रेस्टची. लेथबरोबर आलेली रेस्ट लांब आणि जाड असते, २० मिमीच्या कामाजवळ ती जातच नाही. ८ किंवा १० मिमी गोल सळईचा ५० मिमी तुकडा आपल्या लेथच्या दांडीवर वेल्ड करून घ्या. वेल्डिंग जमत नसेल तर कठीण लाकडाचा ठोकळा करून त्याच्या वरच्या कडेला पोलादी पट्टी चिकटवा, मी दोन वर्षं तेच वापरलं.

रेस्ट लाकडापासून १ ते २ मिमीवर हवी. आणि उंची! इथे उंचीला फार महत्त्व आहे. व्यास ३ मिमी असेल तर त्रिज्या दीडच, म्हणजे टूल अर्धा मिमी वर धरलं तर तुम्ही त्रिज्येच्या एक तृतीयांश चुकलात, मोठ्या कामात हे कळतसुद्धा नाही. स्क्रेपर बाहेरून धरताना सेंटरला (लाकडाच्या मध्याच्या उंचीला) किंवा केसभर खाली, आत कोरताना सेंटरला किंवा केसभर वर.

ड्रिल मशीन बाकावर घट्ट बसवून भिंगऱ्या, मणी वगैरे होतात. चकात (लाकूड पकडणाऱ्या जबड्यात) थोडं डगमगतं, पण लाकूड एकदा पकडून तिथेच पूर्ण केलं तर तो डगमग वस्तूत उतरत नाही. काढून परत बसवलं की संपलं.

स्पीड किती ठेवायचा?

लेथ देईल तेवढा, साधारण ३००० ते ४००० आरपीएम (मिनिटाला फेरे). हे ऐकून लोक दचकतात, पण हिशोब करून बघा. १५० मिमीचा वाडगा १००० आरपीएमवर फिरतो तेव्हा त्याची कड टूलसमोरून मिनिटाला जवळजवळ ४७० मीटर जाते. ६ मिमीची काडी ३००० वर फिरवली तरी फक्त ५६-५७ मीटर. वाडग्याइतकी गाठायची तर २५००० आरपीएम लागतील. म्हणजे छोट्या कामात आपण कायम हळूच कापत असतो, आणि म्हणूनच धार जास्त तीक्ष्ण लागते. अपवाद दोन, चौकोनी लाकूड अजून गोल झालेलं नसेल तेव्हा, आणि लांब बारीक काडी फिरताना धनुष्यासारखी वाकायला लागली तर. दोन्हीवेळा स्पीड कमी.

एवढंसं लाकूड पकडायचं कसं?

कोलेट चक (बारीक काडी चहूबाजूंनी सारखी आवळणारा) असेल तर प्रश्नच मिटला. ड्रिल चक हेडस्टॉकमध्ये (लेथच्या फिरवणाऱ्या डोक्यात) लावणार असाल तर मागून ड्रॉ-बार (ओढून धरणारी लांब सळई) लावून खेचून धरलाच पाहिजे, नुसत्या टेपरवर (निमुळत्या दांड्यावर) तो थरथरीने सैल होऊन बाहेर येतो. हे टाळू नका.

माझी रोजची पद्धत फुकटची आहे. चकात वायफळ लाकडाचा गोल ठोकळा पकडायचा, त्याचा चेहरा सपाट करायचा आणि त्यावर कामाचा तुकडा सुपर ग्लूने चिकटवायचा. तळाला काम करायचं असेल तेव्हा त्याच ठोकळ्यात वस्तूच्या तोंडाच्या मापाची खाच करून त्यात वस्तू दाबून बसवायची. सैल झाली तर टिश्यू पेपरचा एक पदर मधे.

लाकूड कोणतं?

ज्याची छिद्रं डोळ्याला दिसत नाहीत ते. १:१२ मध्ये एखादं साधं छिद्र म्हणजे खऱ्या फुलदाणीवरचा खड्डाच. बॉक्सवुड सर्वात उत्तम, त्यावर अर्धा मिमीची कडही धारदार राहते. नाशपाती, हॉली, मेपल, लिंबू-संत्र्याच्या जातीची झाडं, पेरू, हळदू ही सगळी बारीक पोताची. गडद रंग हवा तर आबनूस, पण ते ठिसूळ आहे. सागवान मी घेत नाही, छिद्रं मोठी आणि त्यातल्या सिलिकामुळे धार लगेच जाते.

छाटलेल्या फांद्या सोडू नका, आपल्याला लागतो बोटाएवढा तुकडा. मधला गाभा टाळायचा आणि सावलीत पूर्ण सुकू द्यायचं. आणि पातळ देठाच्या कामासाठी लाकूड करवतीने कापण्याऐवजी चिरून घ्या. चिरलेलं लाकूड आपल्या रेषेने फाटतं, त्यामुळे रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग राहते. करवतीने कापलेल्या तुकड्यात ती तिरकी निघून जाते आणि २ मिमीचा देठ बरोबर तिथेच तुटतो.

देठ नेहमी तुटतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा क्रम. मोकळ्या टोकाकडून हेडस्टॉककडे यायचं, आणि जेवढा भाग पातळ केला तेवढा तिथल्या तिथे पॉलिश पेपरसकट पूर्ण करायचा. पातळ केलेल्या भागाकडे परत जायचं नाही, कितीही मोह झाला तरी. मागच्या बाजूला जाडच्या जाड लाकूड असेपर्यंत ते आधार देतं, ते एकदा गेलं की देठ टूलपासून पळतो.

पलीकडून डाव्या हाताचं बोट हलकेच टेकवून आधार द्या, बोट तापलं तर समजा तुम्ही जास्त दाबताय. टेलस्टॉकही (लेथच्या दुसऱ्या टोकाचा आधार) फार आवळू नका, बारीक काडी दोन्हीकडून दाबली की मधे वाकणारच. क्रम, बोट, टेलस्टॉक सगळं बरोबर असूनही तुटत असेल तर धार गेलीय.

आतून पोकळ कसं करायचं?

२० मिमी उंच फुलदाणी धरू, पोट १४ मिमी आणि तोंड ५ मिमी. आधी बाहेरून गळा आणि खांदा पूर्ण करा, पण पोटाखालचा भाग जाड राहू द्या, आत कोरताना तोच आधार आहे. मग ३ मिमीचं ड्रिल १७ मिमी खोल, ड्रिलला टेप गुंडाळून खूण करा. त्यानंतर हूक. दीड मिमीच्या ॲलन कीचं टोक जेमतेम २ मिमी आडवं ठेवलेलं, तोंडातून आत घालायचं लेथ बंद असताना, मग लेथ चालू, आणि तळाकडून खांद्याकडे अगदी थोडं थोडं.

आता तुम्हाला आतलं काही दिसत नाही. कान लागतात. भिंत जाड असते तेव्हा आवाज जड येतो, पातळ होत गेली की आवाज चढत जातो. दर आठ-दहा सेकंदांनी लेथ थांबवून भुसा फुंकून काढायचा, पेंढ्याची किंवा प्लास्टिकची नळी वापरा, गॉगल असू द्या. भुसा आत साठला तर हूक अडकतो आणि वस्तू फुटते. माझ्या फुटलेल्या फुलदाण्यांपैकी बऱ्याच अशाच, एकदा अजून कोरू म्हणत भुसा न काढता गेलेल्या. फिकट लाकूड असेल तर मागे छोटा दिवा धरा, भिंत मिमीच्या आत आली की लाकडातून लालसर उजेड झिरपतो. सगळीकडे सारखा उजेड आला की हूक बाहेर. मग बाहेरून खालचा भाग उतरवायचा आणि कापून घ्यायचं.

गळा फारच लहान असेल आणि वस्तू कपाटात ठेवायची असेल तर नुसतं खोल भोक आणि पातळ केलेलं तोंडसुद्धा पुरतं. याला मी फसवणूक मानत नाही, डोळ्याला कडच दिसते.

खुर्चीचे चार पाय सारखे कसे येतील?

मोजून येत नाहीत, गेजने येतात. लाकडी पट्टीत प्रत्येक मणी-खाचेच्या जागी बारीक खिळा ठोका, टोकं एका पातळीत घासा. फिरत्या लाकडाला ही पट्टी नुसती टेकवली की सगळ्या खुणा एकदम उमटतात. जाडीसाठी प्लास्टिकच्या कार्डाला ३, २.५, २ मिमी अशा खाचा कापून ठेवा, लेथ थांबवायचा आणि खाच बसते का बघायचं. फिरत्या कामाला कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावू नका.

आणि सहा पाय करा, त्यातले सगळ्यात जवळचे चार निवडा.

धार कशी लावायची? ग्राइंडर आहे.

ग्राइंडर फक्त पहिल्या आकारासाठी. ३ मिमीचं टूल ग्राइंडरवर दोनदा टेकवलं तर अर्धा मिमी उडतं. रोजची धार डायमंड कार्डवर, ६०० आणि मग १२०० ग्रिट, चार-पाच फेऱ्या, शेवटी पॉलिश लावलेल्या चामड्यावर. स्क्यूची दोन्ही बाजू मिळून ३० अंशांच्या आसपास, स्क्रेपर ७० ते ८०. भिंगातून बघा, धारेच्या टोकावर पांढरी रेघ चमकत असेल तर ती बोथट आहे, तीक्ष्ण धार दिसतच नाही. मी दर वस्तूला निदान तीनदा लावते. लाकडाच्या ढलप्या निघाल्या पाहिजेत, पीठ निघत असेल तर थांबा.

पॉलिश पेपर आणि फिनिश?

चांगलं कापलेलं असेल तर ४०० पासून सुरू करा, मग ६०० आणि ८००. त्याहून जाड पेपर तुमचे मणी गिळून टाकतो. पेपरची अरुंद पट्टी कापून दोन बोटांत धरा, बोटाला गुंडाळायची नाही. शेवटी त्याच लाकडाच्या ढलप्यांची मूठ हलकेच दाबली की छान तकाकी येते.

पातळ केलेला शेलॅक (लाखेचं पॉलिश) मला सगळ्यात आवडतो, ब्रशच्या टोकाने एक हात आणि टिश्यूने पुसून घ्यायचं. जाड वार्निश खाचांत साचतं आणि सगळी नक्षी गुळगुळीत होते. चमकही कमीच ठेवा, इवल्या वस्तूवर फार चमक आली की ती प्लास्टिकची वाटते.

कापून वेगळी करताना वस्तू उडते आणि सापडत नाही.

पूर्ण कापूच नका. १ मिमी देठ शिल्लक असताना लेथ बंद करा आणि बारीक करवतीने हाताने कापा. पोकळ वस्तू असेल तर टेलस्टॉकच्या ड्रिल चकात पकडलेली तार तोंडातून आत घालून ठेवा, सुटली की तारेवर लटकते. लेथखाली फिकट कापड पसरलेलं असू द्या.

एवढ्या छोट्या कामाला सेफ्टी कशाला?

वस्तू छोटी असली तरी लेथ तोच आहे. फेस शील्ड नेहमी. हातमोजे नाहीत, लांब बाह्या नाहीत, केस बांधलेले. फिनिश लावताना कापड नाही, टिश्यू, कारण टिश्यू अडकला तर फाटतो आणि कापड बोटाला घेऊन जातं. मास्क वापराच, आपलं तोंड कामापासून वीतभर अंतरावर असतं आणि शिसव, आबनूस यांच्या धुळीची कित्येकांना ॲलर्जी होते. सुपर ग्लूची वाफ डोळ्यांना झोंबते, आणि तो सुती कापडावर सांडला तर कापड चटका बसण्याइतकं तापतं.

डोळ्यांसाठी डोक्याला लावायचं भिंग घ्या. दिवा वरून नको, बाजूने आणि खालच्या कोनात, म्हणजे खाचांच्या सावल्या दिसतात.

पहिली वस्तू कोणती करू?

भिंगरी. १० मिमी व्यासाची. यात पोकळ काही नाही, पण देठ आहे, वळण आहे, आणि टोकावर कापून सुटायचं आहे. देठ मोकळ्या टोकाकडे आणि खालची अणी हेडस्टॉककडे ठेवा. देठ आधी, १.५ मिमीपर्यंत, मग तबकडी, मग खालचा शंकू हळूहळू उतरवत अणीपर्यंत. अणी सुटायच्या आधी पॉलिश पेपर आणि शेलॅक उरकून घ्या. मग काचेवर फिरवा. डुगडुगली तर अणी मधोमध सुटलेली नाही, बारीक पॉलिश पेपरवर अणी टेकवून, बोटांत हळू फिरवत दोन-तीन वेळा घासा आणि परत फिरवून बघा.